तर्खडकरांपासून खोडदपर्यंत

मोल्सवर्थने हाती घेतलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये छापून आला. मोठ्या कामाचा ग्रंथ, पण शाळकरी पोराच्या दप्तरात मावणारा नव्हे. त्या पोराला इंग्रजीची वाट पुढे दाखवली ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने. आधी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, मग एखादा नियम, मग त्याच शब्दांची वाक्ये, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. नुसत्या घोकंपट्टीवर भागत नसे, शब्द वाक्यात चालवून दाखवावा लागे.

खेड्यापाड्यांत मात्र गरज वेगळी होती. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले, तेही इंग्रजीत. पण गावच्या प्राथमिक शाळेसाठी त्यांनी मागितले ते मोडी-बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, व्याकरण, थोडा इतिहास-भूगोल आणि शेतीची तोंडओळख. त्या यादीत इंग्रजी नाही. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांच्या भोवतालच्या बहुतेक शेतकरी घरांत अजून अक्षरच पोचायचे होते. फुल्यांनी लावलेला क्रम रास्तच होता.

पुढे कित्येक पिढ्यांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले.

आज त्याच जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या टोमॅटो बाजारात बापाबरोबर आलेल्या मुलाला क्रेट, पिकअप, ड्रिप, मल्चिंग पेपर हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत. माणिकडोहच्या बिबट्या बचाव केंद्रामुळे ‘रेस्क्यू’ ठाऊक असतो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना याच परिसरात पसरल्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आसपासच्या शाळांची मुले तिथे आपापले प्रकल्प मांडतात. म्हणजे शब्द घरात आलेले आहेत. फक्त त्यांचे स्पेलिंग आणि त्यांचे वाक्य मुलांकडे नाही.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभ्याच्या जलाशयाभोवती आणि भीमाशंकरकडे, आणखी एक चढ आहे. तिथल्या महादेव कोळी, ठाकर मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी. इंग्रजी शब्दाचा अर्थ पुस्तकी मराठीत सांगितला, तर मुलाला दोन पायऱ्या चढाव्या लागतात.

गुरुजींनो, बाईंनो, शब्दांची वही क्रेट आणि ड्रिपपासूनच सुरू करा. अर्थ मुलाच्या बोलीत विचारा, आणि मग तर्खडकरांसारखे प्रत्येक शब्दाचे एक वाक्य त्याच्याकडूनच करून घ्या.