गोबरगॅस संयंत्र आणि ग्रामीण कुटुंबाची निवड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
घरच्या घरी इंधन देणारे स्वयंपूर्ण साधन म्हणून भारतात गोबरगॅस संयंत्राचा पुरस्कार झाला. त्याचा इतिहास बहुधा तांत्रिक प्रगतीच्या अंगाने मांडला जातो. तथापि हे साधन कोणत्या कुटुंबास निवडता आले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

संयंत्राची बदलती रूपे :
१८९७ मध्ये मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मानवी मैल्यापासून वायू मिळवून वापरण्यात आला. पुढे मात्र संशोधनाचा भर शेणावर राहिला. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र विकसित केले व १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. या टाकीमुळे वायूचा दाब स्थिर राहत असे. परंतु लोखंड महाग होते, ते गंजत असे व टाकीला वेळोवेळी रंग द्यावा लागे. १९७८ मध्ये विटांच्या स्थिर घुमटाचे ‘जनता’ व १९८४ मध्ये त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ संयंत्र आले. लोखंडाचा खर्च टळला. मात्र घुमटास तडा गेल्यास वायू निसटत असल्याने कुशल गवंड्याची गरज वाढली. दरम्यान १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन अनुदानही मिळू लागले.

निवडीची मर्यादा :
बांधणी स्वस्त झाली तरी शेणाची अट कायम राहिली. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे साधारणतः चार-पाच जनावरे लागतात. साहजिकच अनुदान असूनही भूमिहीन कुटुंब या निवडीबाहेरच राहिले. या कोंडीतून एक वाट महाराष्ट्रात शोधली गेली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीमुक्तीच्या कार्यात मैल्याच्या उपयोगाचा आग्रह धरला. तर देहू येथे डॉ. मापुसकर यांनी शौचालयास जोडलेल्या संयंत्रांचा प्रसार केला. येथे अडसर जनावरांचा नव्हता, तर मैल्याच्या वायूवर अन्न शिजविण्याविषयीच्या विटाळाच्या कल्पनेचा होता.

निष्कर्ष :
संयंत्राची निवड केवळ किंमत व कार्यक्षमता यांवर ठरली नाही. गोठा आणि विटाळ यांनीही ती ठरविली. माटुंग्यात १८९७ मध्ये सिद्ध झालेली शक्यता घराघरांत न पोहोचण्याचे कारण तंत्राइतकेच समाजरचनेत शोधावे लागते.