मिल्टनचे अठरा पौंड

जुन्या मराठी कादंबरीचे मुखपृष्ठ उलटले की आतल्या पानावर, मुद्रकाच्या नावाशेजारी, पुष्कळदा एक ओळ भेटते : सर्व हक्क सौ. अमुकबाई यांच्या स्वाधीन. वाचक ती ओलांडून पहिल्या प्रकरणाकडे धाव घेतो, आणि ते रास्तच आहे. पण ज्या बाईंचे नाव तेथे छापलेले असते, त्यांनाही त्या हक्कांत काय काय येते हे क्वचितच कोणी समजावून सांगितलेले असते. हस्तलिखित बगलेत मारून प्रकाशकाची पायरी चढायला निघालेल्या नव्या लेखकाला मी म्हणूनच मिल्टनच्या करारनाम्याची हकीकत सांगत असतो.

'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य मिल्टनने पाच पौंडांना विकले, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ती गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी लेखकाच्या अधिक कामाची आहे.

साल १६६७. लंडन शहरावरून दोन वर्षांत प्लेग आणि आग अशी दोन संकटे गेली होती. सेंट पॉलच्या देवळाभोवती पुस्तकविक्यांची पेठ होती. सप्टेंबर १६६६ मध्ये आग पसरू लागली तेव्हा त्या बिचाऱ्यांनी आपला माल देवळाखालच्या दगडी तळघरात नेऊन ठेवला. दगडाला काय होते, असा त्यांचा हिशेब. तो सारा माल जळून खाक झाला. अशा वेळी दहा सर्गांचे निर्यमक काव्य घेऊन कोण छापणार? त्यातून कवी आंधळा, अठ्ठावन्न वर्षांचा, आणि राजाच्या शिरच्छेदाचे समर्थन केले म्हणून सरकारच्या मर्जीतून उतरलेला. त्याची पुस्तके १६६० साली जल्लादाच्या हातून जाहीर जाळली गेली होती. शेवटी गाठ पडली ती सॅम्युएल सिमन्स या मुद्रकाशी. त्याच्या बापाने मिल्टनची आधीची पुस्तके छापली होती.

२७ एप्रिल १६६७ रोजी करार झाला. पाच पौंड रोख. पहिल्या आवृत्तीच्या तेराशे प्रती खपल्या की आणखी पाच. दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीलाही तसेच. कोणतीही आवृत्ती दीड हजारांहून मोठी छापायची नाही. त्या काळी लेखकाच्या मालकीचा कायदाच नव्हता. मुद्रक-विक्रेत्यांच्या मंडळाच्या वहीत पुस्तक ज्याच्या नावे चढले, त्याचे ते झाले. तरीही या आंधळ्या माणसाने एक कलम घालून घेतले, ते मला फार आवडते. लेखकाने विचारले की किती प्रती खपल्या हे मुद्रकाने अधिकाऱ्यासमोर शपथेवर सांगायचे. न सांगितल्यास त्या आवृत्तीचे पाच पौंड मुकाट्याने मोजायचे. खपाचा आकडा विचारताना ज्यांची जीभ आजही टाळ्याला चिकटते, त्यांनी हे कलम वाचावे.

पुस्तक तीन शिलिंगांना विक्रीस आले. यमके का नाहीत, अशी वाचकांची कुरकुर सुरू झाली. सिमन्सने कवीकडे प्रत्येक सर्गाचा गद्य सारांश आणि यमक सोडल्याचे कारण मागितले, आणि मिल्टनने दोन्ही दिली. महाकवीला त्यात कमीपणा वाटला नाही. २६ एप्रिल १६६९ रोजी दुसरे पाच पौंड हाती आले. १६७४ साली तो वारला. पुढे डिसेंबर १६८० मध्ये त्याच्या पत्नीने, एलिझाबेथने, आठ पौंड घेऊन उरलेल्या साऱ्या मागण्या सोडून दिल्या. एकूण अठरा पौंड.

बाईंनी घाई केली असे लोक म्हणतात. पण कराराप्रमाणे त्यांना फार तर दहा मिळाले असते. म्हणजे तोटा दोन पौंडांचा. खरी गोम निराळी होती. करारात तीन आवृत्त्यांचा काटेकोर हिशेब होता. चौथीबद्दल लेखकाच्या बाजूने एक अक्षर नव्हते.

ती चौथी आवृत्ती १६८८ साली निघाली. तोवर सिमन्सकडून हक्क दुसऱ्याकडे आणि त्याच्याकडून निम्मे जेकब टॉन्सनकडे गेले होते. मोठा आकार, चित्रे, पाचशेंवर आगाऊ वर्गणीदार! पुढे टॉन्सनने चित्रकार नेलरकडून आपली तसबीर काढवून घेतली, तीत त्याच्या हाती हेच पुस्तक आहे. आणि १७५० साली लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात मिल्टनच्याच 'कोमस'चा एक खेळ मदतीसाठी लावावा लागला. कोणाच्या मदतीसाठी? किरकोळ वाणसामानाचे दुकान चालवणाऱ्या मिल्टनच्या नातीच्या. प्रास्ताविक जॉन्सनने लिहिले. सुमारे १३० पौंड जमले. त्यांत वीस टॉन्सनच्या घराण्यातून आले होते.

लेखकाची मालकी मानणारा इंग्रजी कायदा १७१० साली अमलात आला : चौदा वर्षे, आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा. जुन्या पुस्तकांचे हक्क मात्र ज्यांच्या हाती होते त्यांच्याकडेच एकवीस वर्षे राहिले. आपल्याकडे १८४७, १९१४ आणि १९५७ असे कायदे झाले. १९९२ साली लेखकाच्या निधनानंतरची पन्नास वर्षांची मुदत साठ झाली. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी व सहीनिशी द्यावे लागतात, रॉयल्टी किती ते लिहावे लागते. आणि १९९४ च्या दुरुस्तीने, मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षे धरली जाते. ही दुरुस्ती पुष्कळ लेखकांना ठाऊकच नसते.

राहिली ती सौ. अमुकबाईंची ओळ. ती नुसती छापल्याने हक्क त्यांच्या नावे होत नाहीत. त्यासाठी सहीचा वेगळा कागद करावा लागतो, आणि तो दिवाळीच्या साफसफाईत रद्दीबरोबर जाणार नाही अशा जागी ठेवावा लागतो.