घडणावळीचं चाक

दागिन्याचा हिशेब मराठी घरात दोन शब्दांत होतो: मोड आणि घडणावळ. जुनी पाटली मोडीत घातली की सोन्याच्या वजनाचे पैसे हातात पडतात. कारागिराने तिच्यावर घातलेले दिवस मात्र मुशीत वितळून जातात. ग्वाल्हेरच्या बाडा चौकातून सराफा बाजारात शिरताना हे दोन शब्द मनात ठेवावेत. कारण याच शब्दांनी मोजावी अशी एक वस्तू या शहरात आली, पण सराफाच्या काट्यावर चढायचं तिला कधी कारण पडलं नाही. ती म्हणजे मोटारीचं लाकडी स्टेअरिंग.

दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये छावणी टाकली, ती मग उठलीच नाही. तिचंच लष्कर हे शहर झालं. तिथल्या माधवराव महाराजांना (1876–1925) यंत्रांचं वेड. पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी त्यांनी जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर पळवली. मोटारीही आल्याच. फ्रँक नॉरबरी या इंग्रजाने हिंदुस्थानात आणलेली एक रोल्स-रॉइस 1908 साली मुंबई–कोल्हापूर चाचणीत उतरली. 620 मैलांची मजल, वाटेत सह्याद्रीचे घाट. ती पार करून नाव कमावलेली गाडी माधवरावांनी विकत घेतली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ म्हणून ती ओळखली गेली.

त्या घाटांतली वळणं गोल चाक फिरवून घेतली गेली, यात आज आपल्याला नवल वाटत नाही. पण मोटार जन्मली तेव्हा तिला असं चाक नव्हतंच. होडीच्या सुकाणूला असतो तसा दांडा होता. पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की हिसका थेट दांड्यात यायचा, आणि वेग वाढला की दांडा हातातून सुटायची भीती. 1894 च्या पॅरिस–रुआँ शर्यतीत आल्फ्रेद वाशराँ या गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी चाक लावलं. 1898 च्या पॅरिस–ॲमस्टरडॅम शर्यतीसाठी पानार कंपनीच्या आर्थर क्रेब्सने ते चालकाच्या बाजूला तिरकं झुकवलं. चाक दांड्यापेक्षा जास्त फिरवता येतं, त्यामुळे जोर कमी लागतो आणि हिसका दांतेचक्रात अडतो. दांडा मागे पडला.

हे चाक लाकडाचं झालं, कारण गाडीची बॉडी तेव्हा अनेकदा बग्गीवाल्यांच्याच कारखान्यात तयार होई. पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे आरे आणि त्यांच्यावर लाकडी कडं. धातू उन्हात पोळतो, थंडीत झोंबतो. लाकूड दोन्ही ऋतूंत हाताला सोसतं.

कडं एकाच फळीतून गोल कापून काढावं, असं नवशिक्याला वाटतं. ते टिकत नाही. फळीतले रेषे एकाच दिशेने धावतात. वर्तुळ कापलं की समोरासमोरच्या दोन जागी रेषे आडवे येतात, आणि जोर पडला की कडं तिथेच मोडतं. म्हणून कमानदार तुकडे कापायचे, प्रत्येकात रेषे कमानीच्या अंगाने धावतील असे, आणि ते सांध्यांनी जोडायचे. आपल्या गाडीसुताराला हे कोणी शिकवायला नको. बैलगाडीच्या चाकाचा परिघही असाच तुकड्यातुकड्यांचा असतो. फरक एवढाच की तिथे लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती आवळत सगळे तुकडे घट्ट धरते. स्टेअरिंगला धाव नाही. तिथे सगळी भिस्त सांध्यावर आणि सरसावर.

पुढे एबोनाइट, सेल्युलॉइड आणि बेकेलाइट आले, लाकूड हटलं. 1950 च्या दशकात तुरीनच्या एन्रिको नार्दी यांनी ते मोठ्या तोऱ्यात परत आणलं: मधे ॲल्युमिनियमची चकती, दोन्ही अंगांना लाकूड, आरपार रिव्हेट. फेरारीच्या अनेक गाड्यांत नार्दीचं चाक बसलं. पण अपघातात तुटलेलं लाकूड छातीत घुसू शकतं. सुरक्षेचे नियम कडक झाले, मग एअरबॅग आली, आणि लाकूड शोभेपुरतं उरलं.

आता समजा, असं जुनं चाक दुरुस्तीला आलं आहे. ग्वाल्हेरचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो. लाकूड आकसतं, सरस कोरडा पडतो आणि सांधे तोंड उघडतात. पहिला मोह होतो पॉलिश पेपर घेऊन सगळं घासून काढायचा. तो आवरायचा. गरम ओल्या फडक्याची ऊब दिली की जुना सरस मऊ होतो. तो सांध्यातून खरवडायचा, नवा भरायचा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कड्याभोवती ताणून गुंडाळायच्या. गोल वस्तूला शिकंजा नीट बसत नाही. रबर सगळीकडून सारखं आवळतं. कुजलेला तुकडा बदलायचाच असेल, तर लाकूड त्याच जातीचं हवं आणि रेष्यांची दिशा तीच. कड्याच्या पोटाशी बोटांसाठी कोरलेल्या खाचा असतात. वर्षानुवर्षांच्या पकडीने त्या आणखी गुळगुळीत झालेल्या असतात. पॉलिश पेपरच्या दोन फेऱ्यांत त्या गेल्या, तर त्या पुन्हा कोरता येतील. झिजवता येणार नाहीत.

शेवटचा हात चपड्याचा. पळस, बोर, कुसुमावरच्या किड्याची लाख शुद्ध करून केलेल्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि कापसाच्या गोळ्याने पातळ थरांवर थर चढवायचे. पण चपडा घामाला आणि पावसाच्या पाण्याला भितो, पांढरा पडतो. म्हणून गाडी रोज रस्त्यावर काढायची असेल, तर वरून व्हार्निश लागतं.

आणि इथे सराफा पुन्हा आठवतो. पोकळ दागिना चेपू नये म्हणून सोनार त्याच्या पोटात भरतो ती हीच लाख. दागिन्यात ती आत लपते, स्टेअरिंगवर बाहेर चमकते. दागिना घेताना लाखेचं वजन वजा करायला सांगतात, कारण सोन्याच्या भावात तिला मोल नाही.

स्टेअरिंगमध्ये मात्र वजा करायला मागे सोनंच नाही. आऱ्यांचा किरकोळ धातू सोडला, तर थोडं लाकूड, सरस आणि लाख. मोडीत घातलं तर चुलीत चार मिनिटं जळेल. त्याची मोड जवळजवळ शून्य. उरते ती सगळी घडणावळ, आणि तिच्यावर चढलेली हातांची झीज. म्हणून ते नवं करायचं नसतं, फक्त फिरतं ठेवायचं असतं.