बाईक ट्रिपला जादा पेट्रोल कसं न्यायचं?

घाटंजीहून पांढरकवडा गाठलं की नॅशनल हायवे ४४ लागतो. तिथे पंपांची कमी नाही, कॅन कशाला? मनाली-लेहची गोष्ट वेगळी. टांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किमी' ही पाटी गाजलेली आहे. १२ लिटरची टाकी, ३५ चं मायलेज म्हणजे कागदावर ४२० किमी. पण घाटात मायलेज पडतं, म्हणून ३-४ लिटर सोबत ठेवा.

पाण्याच्या बाटलीत मात्र अजिबात नको! पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार स्वतःसाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल लायसन्सशिवाय नेता येतं, पण घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. प्लास्टिकचं तिथे नावच नाही. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात २५ वरून ४५ डिग्रीला गेलेलं ५ लिटर पेट्रोल साधारण १०० मिली फुगतं, त्यामुळे डबा काठोकाठ भरू नका. पंपावर भरताना तो जमिनीवर ठेवा, स्टॅटिकची ठिणगी नको. बांधताना सायलेन्सरपासून लांब.