वरचे दोन आणे

परवा भिवंडीहून भाचीचा फोन आला. कॉलेजात हेक्साडेसिमल शिकवतायत आणि बाईसाहेब वैतागल्यात. "मामा, सोळा-सोळाने मोजतं तरी कोण?" म्हटलं, "अगं, तुझे पणजोबा मोजायचे की!"

आजोबा भिवंडीतच मागाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. शेराचे छटाकही सोळाच. सोळाची सोय अशी, की निम्मं आठ, त्याचं निम्मं चार, मग दोन, मग एक. अपूर्णांकाची कटकटच नाही. लिहिण्याची तऱ्हा तर आणखी मजेची. दर चार आण्यांना एक उभी रेघ, सुट्या आण्याला एक आडवी. सात आणे म्हणजे एक उभी, तीन आडव्या. आडव्या चार झाल्या की त्यांची एक उभी! म्हणजे भाचीच्या भाषेत, चारचा पाया.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आता आण्याचे किती? शंभर भागिले सोळा, सव्वासहा. पाव पैशाचं नाणं तर नाही! म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९, आणि चारला बरोबर २५ पैसे धरले होते. जुनी-नवी नाणी काही वर्षं शेजारी शेजारी चालली, त्यामुळे हे कोष्टक रोजच लागायचं.

आणि इथेच आजोबा चुकले. त्यांनीच सांगितलेली गोष्ट. विणकरांच्या मजुरीतले रुपयांवरचे आणे ते रोजच्या रोज नव्या पैशांत बदलून मांडायचे. एका विणकराचे सहा दिवस वरचे दोन-दोन आणे होते. सहा वेळा १२, झाले ७२. विणकर शाळेत गेलेला नव्हता, पण म्हणाला, "मुनीमजी, बारा आने के तो पचहत्तर होते हैं." तीन पैसे! आजोबांनी कोष्टक काढून दाखवलं, मग स्वतःच गप्प झाले. कोष्टकही बरोबर, विणकरही बरोबर. दर वेळी अर्धा पैसा गळत होता, आणि तो नेहमी एकाच बाजूला. त्या रात्री त्यांनी सगळ्यांचे हिशेब पुन्हा मांडले. पुढे आम्हाला गणित शिकवताना एकच बजावायचे: आधी बेरीज करा, मग बदला.

भाचीला म्हटलं, संगणकाचं दुखणं उलटं आहे. दहा पैसे म्हणजे रुपयाचा दहावा भाग. तो सोळाच्या पायात लिहायला गेलं तर १ नंतर ९९९९... रांग संपतच नाही. कुठेतरी तोडावीच लागते. म्हणून पैशांचे प्रोग्रॅम लिहिणारी शहाणी माणसं रुपयांचे अपूर्णांक ठेवत नाहीत, पूर्ण पैसेच मोजतात.

ती म्हणाली, "मग त्या विणकराला तीन पैसे मिळाले का?"

मिळाले. आजोबांनी स्वतःच्या खिशातून दिले होते, हे मात्र आजीकडून कळलं.

असो. त्या रेघांच्या वह्यांपैकी एखादी कुणा काका-आत्याच्या माळ्यावर असेल, तर रद्दीत घालण्याआधी मला जरूर कळवा.