दुसऱ्या मेंदूचा लपंडाव : ठाणे-कल्याणच्या गॅरेजांतला एक छोटा इतिहास

१/ गाडी गॅरेजच्या दारात शहाण्यासारखी चालते आणि पत्रीपुलाच्या कोंडीत शिरली की आचके देते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मेकॅनिकांना हे दुखणे चांगलेच परिचित आहे. संशय बहुधा सीएनजी किटच्या संगणकावर, म्हणजे ईसीयूवर जातो. हा संगणक गाडीत आला कसा आणि त्याच्यावरचा आळ पुष्कळदा खोटा का ठरतो, ते या धाग्यात पाहू.

२/ आरंभ कार्ब्युरेटरपासून करू. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पद्मिनीत इंधन आणि हवेचे प्रमाण जेट, फ्लोट आणि स्क्रू ठरवीत. बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई. याच कंपनीच्या डोंबिवलीजवळच्या कारखान्यात १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ तयार होत असे. या परिसराचे मोटारीशी नाते केवळ दुरुस्तीपुरते नव्हते.

३/ जगात मात्र बदल आधीच सुरू झाला होता. १९६७ साली फोक्सवॅगन १६००मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-यंत्रणा आली. १९७६मध्ये व्होल्वोने धुरातला प्राणवायू मोजणारा लॅम्डा सेन्सर बसवला. आता इंजिन आपलाच धूर तपासून पुढचा घास ठरवू लागले.

४/ भारतात या बदलाला कायद्याने गती दिली. १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला. २००० साली देशभर युरो-१च्या धर्तीची मानके लागू झाली. कार्ब्युरेटर मागे पडला, मल्टिपॉइंट इंजेक्शन रूढ झाले आणि मेकॅनिकच्या बोटांतले ज्ञान एका बंद डबीत गेले.

५/ याच काळात दुसरी कथा घडत होती. १९९५मध्ये महानगर गॅसची स्थापना झाली. पुढे तिचे जाळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीपर्यंत पसरले. स्वस्त इंधनासाठी लोकांनी पेट्रोल गाड्यांना बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले. कार्ब्युरेटरच्या गाडीला साधा मिक्सर पुरत असे. इंजेक्शनच्या गाडीला मात्र स्वतंत्र ईसीयू असलेले सिक्वेन्शियल किट लागले.

६/ हा दुसरा मेंदू स्वतः फारसे ठरवत नाही. पेट्रोल ईसीयू इंजेक्टरला जो इशारा देतो, तो वाचून तो गॅसचे इंजेक्टर किती वेळ उघडायचे हे काढतो. पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतानाही ते चालू असल्याचा आभास तो पहिल्या मेंदूपुढे उभा करतो. एकाच इंजिनावर दोन मेंदू, आणि त्यांतला एक दुसऱ्याला रोज थोडे खोटे सांगणारा.

७/ म्हणून बिघाड लपतो. रिड्युसरमधून येणारा दाब घसरला, की किट क्षणात गाडी पेट्रोलवर आणते. चालकाला जाणवतो तो एक आचका आणि ऐकू येते ती एक शिटी. मिश्रणात गॅस कमी पडू लागला, तर पेट्रोल ईसीयू ते सावरण्यासाठी इंजेक्शनचा वेळ वाढवतो आणि ती सवय लक्षात ठेवतो. त्यामुळे दोष गॅसचा असतो आणि नंतर पेट्रोलवरही गाडी बिघडल्यासारखी वाटते.

८/ मग खरा गुन्हेगार कोण? पुष्कळदा वायरिंग. किट बसवताना मूळ तारा कापून जोडलेल्या असतात. त्या जोडांना बॉनेटखालची उष्णता, खड्ड्यांचे हादरे आणि कोकणपट्टीचा पावसाळा सोसावा लागतो. कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, अर्थिंगचा बोल्ट सैल होतो.

९/ इथे मल्टिमीटरही फसवतो. तारेतला एकच धागा शाबूत असला, तरी विरोध जवळजवळ शून्य दिसतो. प्रवाह वाहू लागल्यावर त्या धाग्याची परीक्षा होते. म्हणून इंजिन चालू ठेवून, दिवे आणि पंखा लावून, बॅटरीच्या ऋण टोकापासून ईसीयूच्या अर्थिंगपर्यंतची व्होल्टेजची घट मोजावी. निरोगी जोडात ती साधारण ०.१ व्होल्टच्या आत असते. त्याच वेळी हार्नेस हळूच हलवून पाहावा.

१०/ शोधाची शिस्त इतिहासकाराचीच आहे. बिघाड गॅसवर होतो की दोन्ही इंधनांवर? गरम इंजिनात की थंड? पावसात की कोरड्यात? तारीख-वेळेसह टिपण ठेवावे. कोड पुसण्याआधी स्कॅनरमधली त्या क्षणाची नोंद उतरवून घ्यावी, कारण पुसलेला पुरावा परत येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

११/ नवा ईसीयू बसवताना जुना कपलर काढून पुन्हा घट्ट बसतो, गाडी आठवडाभर सुरळीत चालते आणि सारे श्रेय नव्या डबीला मिळते. पुढच्या पावसात आचका परत येतो, तोवर रिक्षाचालकाची किंवा नोकरदाराची काही हजारांची पुंजी गेलेली असते. जुन्या मेकॅनिकचा कान आता निकामी झाला, असे म्हणतात. ते खरे नाही. त्या कानाला आता टिपणवहीची जोड हवी.