मानेची धमनी बंद असताना मेंदूवर नजर कशी ठेवतात?

भैंसा : बोलता बोलता जीभ जड झाली, एक हात लुळा पडला किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला आणि दहा मिनिटांत सगळं नीट झालं, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी बसू नये. मोठा लकवा येण्याआधीचा तो इशारा असू शकतो. अशा रुग्णाच्या मानेतली कॅरोटिड धमनी कधी कधी चरबीच्या थराने अरुंद झालेली सापडते. इशारा मिळालेला असेल आणि धमनी ७० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद असेल, तर ऑपरेशनचा फायदा होतो, हे १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतील मोठ्या अभ्यासातून दिसले. ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांच्या आत केलेले बरे.

खरी अडचण कुठे?

थर काढताना धमनी चिमट्याने बंद करावी लागते. तेवढा वेळ मेंदूची भिस्त मानेतल्या बाकीच्या धमन्यांवर. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पण ही जोडणी प्रत्येकात सारखी नसते. रक्त पुरत नसेल तर डॉक्टर ‘शंट’ नावाची बारीक नळी टाकून प्रवाह चालू ठेवतात. नळीमुळेही गुठळी सुटण्याचा धोका असतो, म्हणून काही सर्जन गरज दिसली तरच ती टाकतात.

गरज कशी कळते?

- रुग्ण जागा ठेवून : फक्त मान बधिर करतात. रुग्णाला बोलतं ठेवतात, विरुद्ध बाजूच्या हाताने वस्तू दाबायला लावतात. बोलणं अडखळलं की लगेच कळतं.
- ईईजी : पूर्ण भूल असल्यास मेंदूच्या विद्युतलहरी पाहतात. लहरी मंदावल्या की धोका.
- डॉप्लर : कानशिलावरून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजतात, सुटलेले बारीक कणही टिपले जातात.
- ऑक्सिमेट्री : कपाळावरच्या पट्ट्या ऑक्सिजन दाखवतात, पण तेवढ्याच भागाचा.
- दाब : चिमट्याच्या वरच्या बाजूला धमनीत उरलेला दाब मोजतात.

यातली एकच पद्धत सगळ्यांत चांगली, असे ठरलेले नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गाला’ चाचणीत ३,५२६ रुग्ण होते. जागेपणी आणि पूर्ण भूल देऊन केलेल्या ऑपरेशनच्या निकालांत ठळक फरक आढळला नाही.

घरच्यांनी काय विचारावे?

नांदेड असो की हैदराबाद, ‘भूल कोणती? मेंदूवर लक्ष कसे ठेवणार? नळीची सोय आहे का?’ हे आधीच विचारावे. सरकारी योजनेचे कार्ड दुसऱ्या राज्यातल्या त्या दवाखान्यात चालते का, हेही पाहावे. ऑपरेशननंतर रक्तदाब वाढून जोराची डोकेदुखी किंवा झटके आले, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.